तलावातले पाणकिडे आणि शेवाळ दर उन्हाळ्यात परत का येतात?

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या रस्त्यावर आमची गृहनिर्माण संस्था आहे आणि तिच्या व्यवस्थापन समितीत तरणतलावाचे काम माझ्याकडे आहे. तलाव उघड्यावरचा असून १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे ९७ हजार लिटर पाणी मावते. सलग तीन वर्षे या तलावाने एकच खोडी केली. होळीपर्यंत पाणी नितळ असायचे. गुढीपाडव्याच्या सुमारास शिडीच्या मागे आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत हाताला बुळबुळीत लागू लागायचे. शाळांना सुट्या लागेपर्यंत खोल बाजूचा तळ दिसेनासा व्हायचा आणि नेमक्या त्याच दिवसांत तांदळाच्या दाण्याएवढे किडे पाण्यात सुळकन इकडून तिकडे जाताना दिसायचे. मुले रडत बाहेर यायची, कारण त्यांतले काही किडे चावत. पावसाळ्यानंतर सगळे आपोआप ठीक व्हायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी ही साखळी तुटली. ती कशी तुटली आणि आधीची तीन वर्षे कशी वाया गेली, ते येथे आकड्यांसह मांडत आहे, कारण अशीच तक्रार असलेले अनेक तलाव आमच्याच परिसरात आहेत.

किडा कोणता आहे, हे आधी पाहावे

पहिली चूक आम्ही येथेच केली. पाण्यात किडे आहेत एवढे कळल्याबरोबर औषधाचा शोध सुरू झाला, किड्याकडे मात्र कोणी नीट पाहिले नाही. जाळीने दोन-चार किडे पकडून पांढऱ्या बादलीत सोडावेत आणि मिनिटभर पाहावे. किडा पाठीवर, म्हणजे उताणा पोहत असेल, तर तो शिकारी आहे. तो इतर लहान किडे आणि अळ्या सोंडेने टोचून शोषून खातो, आणि हातात किंवा पोहण्याच्या कपड्यात अडकला तर माणसालाही मधमाशीच्या डंखासारखे दुखेल असे टोचतो. किडा पालथा पोहत असेल आणि मागचे लांब पाय वल्ह्यांसारखे मारत असेल, तर तो मुख्यतः शेवाळ आणि तळाचा गाळ खाऊन जगणारा आहे. तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. आमच्या बादलीत दोन्ही निघाले.

हा भेद हौसेचा नाही. पालथा पोहणारा किडा दिसला, तर तलावात त्याच्या खाण्यापुरते शेवाळ आहे असे धरून चालावे, मग डोळ्यांना पाणी कितीही स्वच्छ दिसो. उताणा किडा त्याच्या मागोमाग येतो, कारण पालथा किडा हे त्याचे भक्ष्य आहे. दोघेही आपली अंडी पाण्यातल्या शेवाळावर किंवा वनस्पतीवर चिकटवतात. म्हणजे शेवाळ हे एकाचे अन्न, दुसऱ्याच्या अन्नाचे अन्न आणि दोघांच्या अंड्यांचा आधार आहे. तळाशी लाल, वळवळणाऱ्या, दोऱ्यासारख्या अळ्या दिसल्या तर त्या मात्र वेगळ्या. त्या चिलटांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या अळ्या असतात आणि तळाशी गाळ साठल्याचे सांगतात.

आता प्रश्न असा की क्लोरीन असलेल्या पाण्यात हे किडे जगतात कसे? उत्तर सोपे आहे: ते पाण्यात श्वास घेत नाहीत. पृष्ठभागावर येऊन ते हवेचा थर अंगाच्या केसांत धरतात आणि तो घेऊन खाली जातात. माशासारखे पाणी त्यांच्या कल्ल्यांतून जात नाही, त्यामुळे पोहण्यायोग्य प्रमाणातल्या क्लोरीनचा त्यांना फारसा त्रास होत नाही. क्लोरीन दुप्पट केल्यास मुलांचे डोळे आधी चुरचुरतील. शिवाय हे किडे उत्तम उडतात. आमच्या आजूबाजूला भाताची खाचरे आहेत, ओढे आहेत, शेततळी आहेत. फाल्गुन-चैत्रात ती आटू लागली की त्यांतले किडे रात्री नवे पाणी शोधत निघतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांना खूण पटवतो आणि दिवे त्यांना ओढतात. आमचा तलाव वरून त्यांना एखाद्या दिवे लावून ठेवलेल्या तळ्यासारखा दिसत असणार. त्यामुळे किडा येणारच नाही, असा उपाय मला तरी माहीत नाही. आलेला किडा टिकू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

तीन वर्षे आम्ही काय केले

पहिल्या वर्षी कंत्राटदाराने क्लोरीनच्या गोळ्या वाढवल्या. रोज २०० ग्रॅमची एक गोळी पडत असे, ती दोनवर गेली. पाणी हिरवेच राहिले. दुसऱ्या वर्षी मोरचूद आले. मोरचुदातले तांबे शेवाळाला मारते हे खरे, पण ते पाण्यातून उडून जात नाही. दर वेळी टाकलेले मागच्या शिल्लकीत भर घालते. त्या वर्षी पायऱ्यांच्या पांढऱ्या टाइल्सवर निळसर-हिरवे डाग पडले, जे आजही पूर्ण गेलेले नाहीत, आणि दोघी-तिघींच्या तेल न लावलेल्या केसांना हिरवट छटा आली म्हणून सर्वसाधारण सभेत जे काही ऐकावे लागले ते वेगळेच. तिसऱ्या वर्षी एक महागडे बाटलीबंद शेवाळनाशक आणले. त्याच्या फेसाने तलाव भरला. मधल्या काळात एका सभासदाने ढेकणांवरचे औषध टाकण्याची सूचना केली होती. ती आम्ही मान्य केली नाही, हे आमचे नशीब. ज्या पाण्यात मुले गुळण्या करतात, त्यात कोणतेही घरगुती किंवा शेतीचे कीटकनाशक, रॉकेल वा जळके तेल घालू नये.

प्रत्येक वर्षी जुलै-ऑगस्टनंतर पाणी सुधारत असे आणि ज्या वर्षी जे टाकले, त्याला त्या वर्षीचे श्रेय मिळत असे. पावसाचे काम आम्ही बाटलीच्या नावावर जमा करत होतो. हे कसे, ते मोजमाप केल्यावर कळले.

मोजमाप

ऑपरेटरकडे चाचणीची जी पेटी होती, तिच्यात पिवळा रंग देणारे द्रावण होते. त्या पद्धतीत पाण्यातला एकूण क्लोरीन दिसतो, पण त्यातला कामाचा किती आणि घाम-लघवीशी संयोग पावून निकामी झालेला किती, हे वेगळे कळत नाही. आम्ही डीपीडी पद्धतीची पेटी घेतली, ज्यात मुक्त क्लोरीन गुलाबी रंगाने वेगळा मोजता येतो. तिची एक खोड लक्षात ठेवावी: क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंगालाच विरंजित करतो आणि नळी पांढरी दिसते. शून्य समजून आणखी क्लोरीन ओतणारे लोक मी पाहिले आहेत. संशय आल्यास तलावाचे एक भाग पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा मोजावे व आलेल्या आकड्याला पाचने गुणावे.

आमचा मुक्त क्लोरीन २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, निघाला. सामू (पीएच) ७.६. कागदावर दोन्ही उत्तम होते आणि समोर पाणी हिरवे होते. ऑपरेटर म्हणाला, "काका, सगळं बरोबर आहे, पाण्यालाच काहीतरी झालंय." त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते.

तिसरी चाचणी होती सायन्युरिक आम्लाची, जी आम्ही तोपर्यंत कधीच केली नव्हती. या चाचणीत पाण्यात एक द्रावण घातल्यावर ते दुधाळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचे. आमचा ठिपका नळी धड भरायच्या आतच गडप झाला; चाचणीची कमाल मर्यादा १०० होती. तलावाचे पाणी आणि साधे पाणी निम्मे-निम्मे करून पुन्हा मोजले तेव्हा ८० आले, म्हणजे खरा आकडा १६०.

सायन्युरिक आम्ल हे क्लोरीनला उन्हापासून वाचवते. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन नष्ट होतो, म्हणून उघड्या तलावाला ते ३० ते ४० पीपीएम हवेच. पण ते क्लोरीनला नुसते सांभाळत नाही, धरूनही ठेवते; जितके ते जास्त, तितका क्लोरीन कामाला कमी मोकळा. तलाव सांभाळणाऱ्यांमध्ये वापरात असलेला ठोकताळा असा आहे की शेवाळ येऊ नये यासाठी मुक्त क्लोरीन हा सायन्युरिक आम्लाच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. १६० ला साडेसात टक्के म्हणजे १२ पीपीएम. आम्ही २ वर समाधानी होतो.

हे आम्ल आले कुठून? आम्हीच टाकलेल्या गोळ्यांतून. त्या पांढऱ्या गोळ्या टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) असतात आणि त्यांत क्लोरीन सायन्युरिक आम्लाला बांधलेला असतो. १० पीपीएम क्लोरीन देताना त्या सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल सोडून जातात. क्लोरीन खर्च होतो, आम्ल होत नाही. त्याचे बाष्पीभवनही होत नाही. रोज २०० ग्रॅमची गोळी म्हणजे १८० ग्रॅम क्लोरीन, आमच्या तलावात जवळजवळ १.९ पीपीएम, आणि त्यासोबत १.१ पीपीएम आम्ल. महिन्याला ३३. दसऱ्यानंतर सुरू केलेल्या गोळ्यांनी गुढीपाडव्यापर्यंत १६० गाठले, यात नवल काहीच नाही. पहिल्या वर्षी पाणी हिरवे झाल्यावर गोळ्या दुप्पट करून आम्ही नेमका रोगच वाढवला होता. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो, जुने पाणी हळूहळू बाहेर जाते, आम्ल उतरते आणि क्लोरीन पुन्हा काम करू लागतो. आपोआप ठीक होण्याचे रहस्य एवढेच होते.

आणखी एक चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. सूर्य मावळल्यावर मुक्त क्लोरीन मोजावा, पंप चालू ठेवावा, कोणी पोहू नये, आणि पहाटे ऊन येण्याआधी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, म्हणून क्लोरीन घटला तर तो पाण्यातल्या सजीव किंवा सेंद्रिय घाणीनेच खाल्ला. १ पीपीएमपेक्षा जास्त घट म्हणजे शेवाळ आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

पाणी बदलताना

सायन्युरिक आम्ल कमी करण्याचा खात्रीचा मार्ग पाणी बदलणे हाच आहे. १६० वरून ४० वर यायचे तर निम्मे पाणी दोनदा बदलावे लागते: १६०, मग ८०, मग ४०. एका खेपेला ४८ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. एप्रिलमध्ये टँकर मागवून तलाव भरणे समितीतल्या कोणालाच रुचले नाही. शेजारच्या वाडीत हंड्यांची रांग असताना ते रुचण्यासारखेही नव्हते. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. उपसलेले पाणी गटारात न सोडता, त्यातला क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करून, इमारतींच्या फ्लशच्या टाक्यांत टप्प्याटप्प्याने वळवले, आणि तेवढे पाणी त्या टाक्यांना बाहेरून घ्यावे लागले नाही. झाडांना ते दिले नाही, कारण त्यात दुसऱ्या वर्षीचे तांबे शिल्लक असणार होते. आणि पुढे गोळ्या बंद, म्हणजे हा खर्च पुन्हा येणार नाही.

तलाव पूर्ण रिकामा करू नये, हा इशारा येथेच देतो. तलावाखालच्या आणि भोवतीच्या जमिनीत पाण्याचा दाब असतो. आतले पाणी काढले की तो टाइल्स उचकटतो आणि क्वचित संपूर्ण टाकीच वर उचलतो. पावसाळ्यात तर हा धोका मोठा असतो. निम्म्याच्या खाली आम्ही गेलो नाही.

उपसा करतानाच तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढून, झडप वेस्टवर ठेवून, फिल्टरला वळसा घालून बाहेर काढला. ते पाणी तसेही जायचेच होते. नव्या पाण्याची कठीणता आणि लोह टँकर रिकामा होण्याआधी तपासावे. विंधन विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी चहासारखे होते आणि लोक त्यालाही शेवाळ समजतात. तांबे असलेले पाणीही हिरवट दिसते, पण ते पांढऱ्या बादलीत पारदर्शक हिरवे असते. शेवाळाचे पाणी गढूळ हिरवे असते.

शेवाळ मारणे

आधी सामू आम्ल घालून ७.२ वर आणला, कारण क्लोरीनची ताकद सामूवर अवलंबून असते: सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात सामू ७.५ असताना निम्माच क्लोरीन जंतुनाशक रूपात असतो आणि ८ वर जेमतेम पाव भाग. मोठी मात्रा देण्याआधीच सामू मोजावा, नंतर क्लोरीन १० च्या वर असताना येणारा सामूचा आकडा विश्वासाचा नसतो.

मग क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे ४० ला १६ पीपीएमवर न्यायचा आणि शेवाळ मरेपर्यंत तेथेच धरून ठेवायचा. एकदा ओतून मोकळे होणे ही येथली नेहमीची चूक आहे. संध्याकाळी टाकलेला क्लोरीन शेवाळ रात्रीतून खाऊन टाकते आणि उरलेले शेवाळ सकाळी पुन्हा वाढू लागते. यासाठी आम्ही द्रवरूप हायपोक्लोराइट वापरले, ज्याला बाजारात नुसते हायपो म्हणतात. त्यातून सायन्युरिक आम्ल येत नाही. ब्लीचिंग पावडरही चालते, पण तिचा चुना तळाशी बसतो आणि पाण्याची कठीणता वाढवतो. आमच्या आधीच जड असलेल्या पाण्याला ती नको होती.

हिशेब सोपा आहे. ९७ हजार लिटर पाण्यात १ पीपीएम म्हणजे ९७ ग्रॅम क्लोरीन. हायपो १० टक्क्यांचा असेल तर एका लिटरमध्ये १०० ग्रॅम, म्हणजे एका लिटरला एक पीपीएम. पण कॅनवर लिहिलेले १० टक्के हे कारखान्यातून निघतानाचे असते. उन्हात आणि उष्णतेत हायपो झपाट्याने उतरतो, आणि आमचे कॅन पंपघराबाहेर पत्र्याखाली तीन आठवडे उभे होते. म्हणून १०० लिटरच्या पिंपात स्वच्छ नळाचे पाणी घेऊन ५ मिलिलिटर हायपो टाकला; ५ पीपीएम यायला हवे होते, ३ आले. म्हणजे माल ६ टक्क्यांचा. १६ लिटरऐवजी २६ लिटर लागले. हे पिंप आता पंपघरात कायम ठेवले आहे आणि नवा माल आला की पुरवठादारासमोरच चाचणी होते; तेव्हापासून मालाची प्रत सुधारली आहे, असे माझे निरीक्षण आहे.

हायपो सूर्यास्तानंतर, पंप चालू असताना, तलावाच्या कडेने हळूहळू ओतावा. भर दुपारी ओतलेला अर्धा हायपो आकाशाला अर्पण होतो. आणि जिवाची गोष्ट अशी की हायपो, आम्ल आणि गोळ्या यांची भांडी, मापे आणि जागा वेगवेगळ्या असाव्यात. आम्ल आणि हायपो एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर यांचा ओला स्पर्शही आग आणि स्फोटापर्यंत जाऊ शकतो. पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये.

क्लोरीन चढलेला असताना रोज दोनदा ब्रश मारला. शेवाळाच्या बाहेरच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचत नाही, म्हणून ब्रशशिवाय रसायन व्यर्थ जाते. येथे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते लपलेल्या जागांचे. शिडीच्या पोकळ नळ्या, पाण्यातल्या दिव्यांच्या मागचा कोनाडा, ओव्हरफ्लोच्या जाळीखालचे गटार आणि कडेवरून सांडलेले पाणी जिच्यात जमते ती तळघरातली बॅलन्सिंग टाकी. मुख्य वीज तोडून एक दिवा बाहेर काढला तेव्हा त्याच्या मागे तळहाताएवढा हिरवा गोळा होता. बॅलन्सिंग टाकीत अंधार असल्यामुळे शेवाळ नव्हते, पण भिंतींवर जंतूंचा चिकट थर होता आणि क्लोरीन तोही खात होता. तीन वर्षे आम्ही तलाव धूत होतो आणि त्याच्या पोटातली टाकी कोणी उघडलीच नव्हती. पोहण्याच्या जाळ्या, फळ्या, मुलांची तरंगती खेळणी, ऑपरेटरचा ब्रश, सगळे त्या चार दिवसांत तलावातच बुडवून ठेवले.

वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ अवस्थेतल्या आकड्यापेक्षा चौथ्या हिश्श्याने वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवावी. त्या दिवसांत तो दिवसातून दोनदा करावा लागला. ताशी १२ हजार लिटरच्या पंपाने सगळे पाणी एकदा फिरायला आठ तास लागतात. नेहमीच्या दिवसांत वीज वाचवायला तो चारच तास चालत असे. शेवाळ मरेपर्यंत तो २४ तास चालवला.

पहिल्या रात्री क्लोरीन १६ वरून ९ वर आला. दुसऱ्या रात्री १६ वरून १२. पाणी हिरव्याचे राखाडी-पांढरे झाले, जे मेलेल्या शेवाळाचे लक्षण असते. चौथ्या रात्री १५.५ चे १४.८ झाले आणि निकामी झालेला क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या खाली होता. तळाची फरशी मोजता येऊ लागली. राहिलेला धुरकटपणा फिल्टरने दोन दिवसांत काढला. घाई असेल तर तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराईडने गाळ बसवता येतो, पण तो शेवाळ मेल्यावरच; जिवंत शेवाळ बसवले तर दोन दिवसांत ते पुन्हा वर येते, आणि आमच्या कंत्राटदाराने दर वर्षी हेच केले होते. क्लोरीन ५ च्या खाली उतरेपर्यंत तलाव बंद ठेवला.

किड्यांची रात्र

अन्न गेल्यावर पालथे किडे आठवड्याभरात दिसेनासे झाले. उताणे मात्र उरले. त्यांच्यासाठी साबणाचा उपाय केला, जो ऐकायला बाळबोध वाटतो पण किड्याच्या श्वासाच्या रीतीवर नेमका बसतो. पृष्ठभागावरचा ताण साबणाने मोडला की किड्याला हवेचा थर धरता येत नाही आणि तो गुदमरतो. संध्याकाळी पंप बंद केला, पाणी संथ होऊ दिले, तलावाच्या एका टोकाला एकच दिवा लावला, बाकी सगळे विझवले. दोन मोठे चमचे भांड्यांचा द्रवरूप साबण बादलीभर पाण्यात मिसळून त्या टोकाच्या पृष्ठभागावर शिंपडला. पंप चालू असता तर साबण खाली ओढला जाऊन फेस झाला असता. सकाळी पंप लावण्याआधी बारीक जाळीने दोन ओंजळी किडे काढले. अंडी आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, म्हणून आठ दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा केला; त्या वेळी जेमतेम मूठभर निघाले. साबण जास्त घालू नये, कारण तोही शेवटी क्लोरीनलाच संपवावा लागतो.

दिव्यांबाबत समितीत बराच वाद झाला, कारण रात्री निळा उजळलेला तलाव फोटोंत छान दिसतो. अखेर पाण्यातले दिवे पोहण्याची वेळ संपताच बंद करायचे ठरले आणि कठड्यावरच्या पांढऱ्या दिव्यांच्या जागी पिवळे, खाली तोंड केलेले दिवे आले. एकही किडा येत नाही असे नाही. रोज सकाळी जाळी फिरवल्यावर चार-सहा मिळतात, पण राहायला कोणी येत नाही.

डंख झाल्यास जागा धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. वेदना काही तासांत ओसरते. सूज पसरली किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबू नये, डॉक्टरांकडे जावे.

पावसाळ्यात वेगळी चूक होते

गोळ्या बंद करून हायपोवर आल्यानंतर रोजचा खर्च एप्रिलच्या उन्हात २ ते ३ लिटर आहे, थंडीत त्याच्या निम्मा. सायन्युरिक आम्ल महिन्यातून एकदा मोजतो. मात्र जूनपासून हिशेब उलटतो: पाऊस आम्लही धुतो आणि क्लोरीनही. तलाव बंद आहे म्हणून पंपही बंद ठेवण्याची आमची जुनी पद्धत होती आणि ऑगस्टमध्ये पाण्यावर डासांच्या अळ्या वळवळत असत. आता बंद काळातही पंप रोज तीन तास चालतो, पाऊस थांबलेल्या संध्याकाळी क्लोरीन मोजला जातो, आणि गणपतीच्या आसपास आम्ल २० च्या खाली गेलेले असते, तेव्हा थोडे मोजून परत घालतो.

क्लोरीन नसलेले कोमट पाणी केवळ दिसायला वाईट असते, असे समजू नये. २०२४ मध्ये केरळात, विशेषतः कोळिकोड आणि मलप्पुरम भागात, पाण्यातल्या अमिबामुळे मेंदूज्वर होऊन मुले दगावली. तो अमिबा नाकावाटे शिरतो, कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि पुरेसा क्लोरीन त्याला मारतो. त्या बातम्यांनंतर रात्रीच्या चाचणीची वही तपासायला समितीतले दोघे स्वतःहून येऊ लागले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खोल बाजूच्या सावलीतल्या भिंतीवर, टाइल्सच्या सांध्यांत, मिरीच्या दाण्याएवढे काळे ठिपके आहेत. हे काळे शेवाळ सिमेंटच्या सांध्यात रुजते आणि वरचा थर खरवडला तरी मूळ आत राहते. दर शनिवारी पोलादी ब्रशने ते खरवडून त्यावर क्लोरीनची गोळी काठीला बांधून घासतो. मागच्या वर्षी बावीस ठिपके होते, आज सकाळी मोजले तेव्हा नऊ राहिले आहेत. पुढच्या हिवाळ्यात त्या भिंतीचे सांधे उकरून नवे ग्राउटिंग करण्याचा ठराव सभेपुढे आहे.